नव्याण्णवावी खूण

गोदीत मी सव्वीस वर्षं इशारेवाला होतो. क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला खालचं नीट दिसत नाही. साखळी घट्ट बसली की नाही, मालाच्या आड कोणी उभं आहे का, हे खालचा माणूस बघतो आणि हात वर करतो. हात वर झाला की वरचा उचलतो. हात वर करण्याआधी मालाभोवती एक चक्कर मारायची, असा नियम होता. ऊन असो, पाऊस असो, मुकादम आईबापाचा उद्धार करत असो, चक्कर झाल्याशिवाय हात वर जायचा नाही. वरच्याला शंका आली तर तो भोंगा दोनदा वाजवायचा. म्हणजे, पुन्हा बघ आणि पुन्हा इशारा दे.

वर बसणारा माझा दोस्त. उंचावरून सगळ्यांवर नजर, म्हणून त्याला घार म्हणायचे. मला तो हातवाऱ्या म्हणायचा, अजून म्हणतो. सव्वीस वर्षांत घारीने माझ्यासाठी भोंगा एकदाही दोनदा वाजवला नाही.

गोदी बंद झाली तेव्हा ठेकेदाराच्या ऑफिसातलं रजिस्टर सापडेना. कोणी किती वर्षं कोणती क्रेन चालवली, कोणती परीक्षा पास केली, हे सगळं त्या एका रजिस्टरात होतं. घार दुसऱ्या बंदरावर काम मागायला गेला तर त्याला विचारलं, "तुम्ही क्रेन चालवलीत कशावरून?" माणूस खाली मान घालून परत आला. उभी हयात उंचावर काढलेला माणूस.

त्यानंतर आमच्यातल्याच काही पोरापोरींनी वही काढली. आम्ही वही म्हणतो, माझी धाकटी तिला ब्लॉकचेन म्हणते. धाकटी म्हणजे माझी लहान मुलगी, वहीच्या प्रोग्रामवर काम करणाऱ्या सहा जणांपैकी एक. वहीची गंमत अशी की ती कुणा एकाच्या कपाटात नाही. एकशे बत्तीस यंत्रांत ती जशीच्या तशी आहे, कुणाच्या घरी, कुणाच्या वर्कशॉपात, एक तर चपलांच्या दुकानात. दर अर्ध्या तासाने एक नवं पान जोडलं जातं. पान लिहायची पाळी आळीपाळीने प्रत्येक यंत्राला मिळते आणि बाकीची यंत्रं ते नियमात बसतं का हे तपासतात. बसत नसेल तर फेकून देतात. एक रजिस्टर जाळता येतं. एकशे बत्तीस कोण जाळणार?

पण मालक नाही म्हटल्यावर नियम बदलायचा तर हुकूम तरी कोण सोडणार? त्याची रीत आहे. ज्याला बदल हवा तो प्रस्ताव लिहितो. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला सगळे फोनवर जमतात आणि त्या प्रस्तावाची सालं काढतात. मग तालमीसाठी एक वेगळी खोटी वही आहे, तिथे नवा प्रोग्राम महिनोन् महिने चालवून बघतात. मग यंत्र सांभाळणाऱ्याने नवा प्रोग्राम उतरवून घ्यायचा आणि तयारीची खूण द्यायची. ठरलेल्या पानापर्यंत नव्याण्णव खुणा झाल्या, तर पुढच्या एका ठरलेल्या पानापासून नवा नियम लागू. नाही झाल्या तर प्रस्ताव पडला, सहा महिने थांबा. घड्याळाची वेळ न ठरवता पानाचा नंबर ठरवतात, कारण यंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत. पानाचा नंबर मात्र सगळीकडे तोच. आणि ज्याची खूण नाही, त्याला त्या पानापासून लिहायची पाळी नाही, त्याने नुसतं वाचायचं.

आमच्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी आणखी एक सोय होती. प्रत्येक वस्तीत एक जोडीदार. त्याने घरोघरी जायचं, यंत्रात नवा प्रोग्राम घालून द्यायचा, पडद्यावरचा व्हर्जनचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि मगच त्या घराच्या वतीने खूण द्यायची. ती खूण जोडीदाराला स्वतःच्या घरच्या यंत्रावरूनही देता यायची, कारण प्रश्न विश्वासाचा होता. आमच्या वस्तीतल्या आठ यंत्रांचा जोडीदार मी. सगळ्यांनी एकमताने निवडलं. घारच म्हणाला होता, "त्याच्याइतका चकरा मारणारा माणूस मिळायचा नाही."

त्या वर्षीचा प्रस्ताव धाकटीचा होता. तोपर्यंत कामाच्या नोंदीवर एकट्या मुकादमाची सही चालायची. एका मुकादमाने कधी फोर्कलिफ्टला हात न लावलेल्या सात जणांना पास करून टाकलं होतं. म्हणून धाकटीचं म्हणणं, दोन सह्या हव्यात, मुकादमाची आणि बरोबर काम करणाऱ्या एकाची. दीड वर्ष ती त्याच्यामागे होती. जेवताना, भांडी घासताना, तोंडात टूथब्रश असताना तेच.

गुरुवारच्या फोनवर घारीने शंका काढली. "पोरी, जो एकटाच काम करतो त्याची दुसरी सही कोण करणार? खांबावर एकटा चढणारा वायरमन आहे. तो काय खांबाची सही घेणार?"

सगळे हसले. शंका खरी होती, धाकटी उत्तर द्यायला लागली होती. मध्ये मीच तोंड घातलं. म्हणालो, "वर बसून बसून तुला खालचं दिसेनासंच झालंय. सही कशाला लागते ते तुला काय कळणार!"

एकशे बत्तीस घरांत ते ऐकू गेलं.  घारीने फोन बंद केल्याचा टक असा आवाज आला, तेवढाच.

बायको म्हणाली, "अहो, पोरीच्या कौतुकापायी मित्राचं नाक कापलंत."

"तो काय लहान आहे?"

"तो नाही. तुम्ही आहात."

धाकटीने नंतर घारीची शंका प्रस्तावात घेतली, एकट्याने काम करणाऱ्यांसाठी वेगळी तरतूद केली. मी मात्र तीन आठवडे त्याच्याकडे फिरकलो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ. माणूस आधी स्वतःवर चिडलेला असतो, मग ज्याला दुखावलं त्याच्यावर चिडतो. माझं तसंच झालं.

खुणा देण्याचा शेवटचा बुधवार आला. रात्री नऊच्या सुमारास ठरलेलं पान येणार होतं. आठपैकी सात घरं मी उरकली होती, प्रत्येक ठिकाणी पडद्यावर बोट ठेवून आकडा वाचला होता. अक्षरओळख उशिरा झाल्यामुळे मी आकडेही बोट ठेवूनच वाचतो. आठवं घर घारीचं. चौथा मजला.

दुपारी धाकटीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, अठ्ठ्याण्णव झाल्यात. आता कोण उरलंय माहीत नाही. झालं तर झालं." आवाज असा होता की झालं नाही तर ती रडणार नाही, पण दोन दिवस जेवणारही नाही.

मी पाच वाजता घारीच्या इमारतीपाशी गेलो. लिफ्टच्या जाळीला दोरीने पुठ्ठा बांधलेला, 'बंद आहे'. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी पाय ठेवला. गुडघा दुखत होता हे खरं. पण सातव्या घराचे तीन मजले त्याच गुडघ्याने मी अर्ध्या तासापूर्वी चढलो होतो. वर गेलो की दार उघडणार, तो काही बोलणार नाही, पाण्याचा ग्लास पुढे करणार, आणि मला 'चुकलं माझं' म्हणावं लागणार. तेवढ्यासाठी पाय उचलेना.

मी बाहेर येऊन वर पाहिलं. त्याची खिडकी उघडी होती. मनाशी म्हटलं, घार काटेकोर माणूस, त्याने स्वतःच नवा प्रोग्राम घातला असेल. त्याचा भाचाही अधूनमधून येतो, त्याने घातला असेल. मग घरी आलो, यंत्रापुढे बसलो आणि घारीच्या वतीने खूण दिली.

मालाभोवती चक्कर न मारता हात वर केला.

आकडा नव्याण्णव झाला. पाच मिनिटांत धाकटीचा फोन. ती नुसती हसत होती. बायकोने साखरेचा डबा काढून माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. ती मी खाल्लीही.

नवा नियम लागू व्हायचा तो बासष्ट हजाराव्या पानापासून, म्हणजे पुढच्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास. मधे साडेपाच दिवस होते. वाटलं, काय मोठंसं, मधल्या दिवसांत जाऊन प्रोग्राम घालून येऊ, खूण आपोआप खरी होईल. गुरुवारी बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं. शुक्रवारी गुडघा खरंच सुजला. शनिवारी, रविवारी काहीच नव्हतं, तरी गेलो नाही. सोमवारी फोन लावला. घारीला कमी ऐकू येतं, त्याने उचलला नाही. न उचलल्यावर मला हायसं वाटलं. सगळ्या प्रकरणात ते हायसं वाटणं मला सगळ्यात जास्त टोचतं.

मंगळवारी दहाला धाकटी घरीच होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला चहा. बासष्ट हजारावं पान आलं. दोन सह्यांची पहिली नोंद त्यात होती. फोनवर टाळ्या वाजल्या. पुढचं पानही नीट आलं. त्याच्या पुढचं पान लिहायची पाळी घारीच्या यंत्राची होती.

त्या पानात एका सहीच्या तीन नोंदी होत्या. जुन्या प्रोग्रामला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, त्याने बिचाऱ्याने नेहमीसारखं पान लिहिलं. नव्या यंत्रांनी ते फेकून दिलं. तिथवर ठीक होतं. एकट्या वेड्याचं पान हवेत विरून गेलं असतं. पण आणखी अकरा यंत्रांनी ते मान्य केलं आणि त्याच्यावर आपली पानं चढवायला घेतली.

धाकटीचा चेहरा उतरला. "हे कसं शक्य आहे?" ती स्वतःशीच म्हणत होती. "या सगळ्यांनी खूण दिलीय. सगळ्यांनी दिलीय."

तीन तास आमच्या दोन वह्या होत्या. कोणती खरी, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. एका बंदरावर फाटकापाशी बायामाणसं ताटकळली, कारण फाटकावरच्या यंत्रात त्यांची परीक्षा नापास दिसत होती आणि खिशातल्या फोनवर पास. शेवटी सहा जणांनी एकेकाला फोन करून ती बारा यंत्रं बंद करायला लावली. दुसरी वही फेकली गेली. तिच्यातल्या एक्केचाळीस नोंदी पुन्हा लिहाव्या लागल्या. तसं म्हटलं तर निभावलं. पण सगळ्यांना दिसत होतं की फाटा कुठून फुटला. पान क्रमांक बासष्ट हजार दोन, यंत्र घारीचं.

चपलांच्या दुकानवाला गटावर लिहून मोकळा झाला, 'म्हाताऱ्यांना हे झेपत नाही.' खाली सतरा अंगठे.

मी ते वाचलं, फोन उलटा ठेवला. बायकोने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही." धाकटी तिकडे बारा यंत्रांची यादी बघत होती. कुठल्या घराची खूण कोणी दिली, ते तिला दिसत होतं का? मला माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तिने पाहावं अशी माझी हिंमतही नव्हती.

प्रत्येक अपग्रेडनंतरच्या गुरुवारी 'काय चुकलं' ते सांगायचं असतं. रीत अशी की कोणी कोणावर बोट दाखवायचं नाही. ज्याचं त्याने सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

गुरुवारी पाच वाजता मी चार मजले चढलो. लिफ्ट सुरू झाली होती, तरी जिन्याने चढलो. का, ते विचारू नका.

दार उघडंच होतं. खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीवर जुन्या क्रेनचा फोटो. टेबलावरचं यंत्र टॉवेलात गुंडाळून ठेवलेलं, वर वायर नीट गुंडाळी करून.

"ये," घार म्हणाला. "बरं झालं आलास. हे घेऊन जा."

"कुठे?"

"ज्याला झेपेल त्याला दे. मी सोमवारी प्लग काढला होता रे. पंखा लावायचा होता, बोर्डात जागा एकच. पुन्हा लावला, पण तेवढ्यात आतलं काही पुसलं गेलं असणार. तू घालून ठेवलेलं सगळं मी बिघडवलं."

"प्लग काढल्याने काही पुसलं जात नाही."

"तुला काय माहीत? जायचंच. नाहीतर खूण दिलेली असताना असं होईलच कसं? आज फोनवर तेच सांगणार आहे. आपली चूक आपण सांगावी. हो की नाही?"

मला तिथेच सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "पाणी दे जरा."

त्याने ग्लास पुढे केला. मग सहा वाजले.

धाकटी पहिल्यांदा बोलली. काय घडलं ते तिने सरळ सांगितलं, एकाही घराचा उल्लेख न करता. मग विचारलं, "कोणाला सांगायचंय?" घारीने घसा खाकरला. फोन दोघांच्या मधे टेबलावर होता. तो म्हणाला, "मी. पोरी, त्या बासष्ट हजार दोनचा धनी मी. सोमवारी माझ्याकडून..."

"थांब," मी म्हणालो.

"मला बोलू दे."

"घार, थांब. यात त्याचं काही नाही. त्याच्या यंत्रात नवा प्रोग्राम कधी घातलाच गेला नव्हता. त्याची खूण मी दिली, न बघता दिली. मी त्याच्या घरी गेलोच नव्हतो." एवढं बोलायला मला किती वेळ लागला कोण जाणे. फोनवर कोणाच्या तरी घरची कुकरची शिट्टी ऐकू आली. "नव्याण्णवावी खूण तीच होती," मी म्हणालो.

  एक बाई म्हणाल्या, "मीही एका घराची तशीच दिली. ते गावाला गेले होते." मग आणखी तिघांनी सांगितलं. बाकीचे सात जण आजवर बोललेले नाहीत. चपलांच्या दुकानवाला त्या दिवशी फोनवर फार गप्प होता, एवढं मात्र मला आठवतं.

मग धाकटीचा आवाज आला. कामाचा आवाज, घरातला नव्हे. "म्हणजे खऱ्या खुणा सत्त्याऐंशीच होत्या. नव्याण्णव कधी झाल्याच नाहीत. नियम लागू व्हायलाच नको होता. मी माझा प्रस्ताव मागे घेते. सगळ्यांनी जुन्या प्रोग्रामवर परत जायचं, पानाचा नंबर उद्या कळवते. सहा महिन्यांनी पुन्हा मांडू." पुढे म्हणाली, "आणि जोडीदाराने दुसऱ्याची खूण द्यायची पद्धत बंद करावी, असा प्रस्ताव मी लिहीन."

फोन संपला. दीड वर्ष त्या पोरीचं, माझ्या एका जिन्यापायी गेलं.

घार खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. पाठमोराच म्हणाला, "त्या बुधवारी तू खाली आला होतास."

मी हातातला ग्लास टेबलावर ठेवला.

"पाहिलं मी तुला. पायरीपर्यंत आलास, बाहेर जाऊन वर बघितलंस, आणि गेलास. मी कप काढून ठेवले होते." तो वळला. "मग थोड्या वेळाने यंत्रावर 'तयार' असं आलं. मला वाटलं, आता खालूनच होत असेल. नवीन काहीतरी निघालं असेल. तू दिली म्हणजे बघूनच दिली असणार ना."

"घार, त्या दिवशी फोनवर मी जे बोललो..."

"ते सोड. ते मी कधीच सोडलं. वर बसून खालचं दिसत नाही, हे काय खोटं आहे? म्हणून तर तू होतास." तो खाटेवर बसला. "मालाखाली माणूस असता तर केला असतास हात वर?"

"नाही."

"मग?"

मी टेबलापाशी जाऊन यंत्रावरचा टॉवेल सोडायला घेतला. 

घरी धाकटी जेवत होती. मी समोर बसलो. ती म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला फोन करायला नको होता. अठ्ठ्याण्णव झाल्यात हे सांगायला नको होतं."

"तुझा काय दोष त्यात?"

"माझा नाही. पण तुम्ही ते माझ्यासाठी केलंत, हे मला माहीत आहे. आणि तेच मला गिळता येत नाहीये." तिने ताट उचललं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

सहा महिन्यांनी प्रस्ताव पुन्हा आला. आता खूण ज्याची त्याने द्यायची, आपल्याच यंत्रावरून. टॉवेल तेव्हाच सोडला होता, यंत्र घारीकडेच होतं. प्रोग्राम घालायला त्याने मलाच बोलावलं. मला वाटलं होतं, भाच्याला सांगेल.

सगळं घालून झालं. मी पडद्यावर बोट ठेवून आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणालो, "झालं. दे खूण."

घारीने हात पुढे नेला, मग मागे घेतला. बोटाच्या पेराने टेबलावर वाजवलं. टक, टक. दोनदा.

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टाही नव्हती. मी खुर्चीवरून उठलो, त्याला तिथे बसवलं आणि टेबलावरचं भिंग त्याच्या हातात दिलं. तो पडद्याजवळ वाकला. एकेक आकडा सावकाश वाचत गेला, आणि तो वाचून होईपर्यंत मी हात खाली सोडून बाजूला उभा राहिलो.